‘पब्लिक’ म्हणजे उघडं नव्हे: विंडोजचं नेटवर्क सेटिंग नीट कसं निवडायचं

नव्या वाय-फायला लॅपटॉप पहिल्यांदा जोडला की विंडोज १० उजवीकडून एक पट्टी सरकवून विचारतं: या नेटवर्कवरच्या बाकीच्या उपकरणांना तुमचा पीसी दिसू द्यायचा का? ‘नो’ म्हटलं तर नेट चालणार नाही या धास्तीने पुष्कळ जण ‘यस’ दाबून टाकतात. विंडोज ११ ते नेटवर्क मुकाट्याने ‘पब्लिक’ धरतं. मग कधीतरी सेटिंग्ज उघडल्यावर आपल्याच घरच्या वाय-फायखाली ‘पब्लिक नेटवर्क’ असं लिहिलेलं दिसतं, माणूस दचकतो आणि लगेच ‘प्रायव्हेट’ करून मोकळा होतो. शब्द सुरक्षित वाटणारा निवडला, पण प्रत्यक्षात कडी काढली.

घोळ नावाचा आहे. पब्लिक-प्रायव्हेट हे वर्णन तुमच्या कॉम्प्युटरचं नाही, तो ज्या जागेत बसलाय त्या जागेचं आहे. एसटी स्टँडवर आपण पिशवी मांडीवर घेऊन बसतो, घरी आल्यावर तीच दाराशी टाकतो. पब्लिक म्हणजे पिशवी मांडीवर. विंडोज ७ मध्ये ‘होम’, ‘वर्क’ आणि ‘पब्लिक’ असे तीन पर्याय असायचे आणि पब्लिकपुढे बागेतल्या बाकाचं चित्र होतं. ते चित्र गेल्यापासून गैरसमज वाढला, असं माझं मत आहे.

पब्लिक लावलं की विंडोजचा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणारं-जाणारं तपासणारा पहारेकरी, त्याची कडक नियमावली वापरतो. नेटवर्क डिस्कव्हरी बंद होते, म्हणजे शेजारच्या मशीनच्या यादीत तुमचं नाव येत नाही. फाइल आणि प्रिंटर शेअरिंगचे आत येणारे रस्ते बंद होतात, त्यात सगळ्यात महत्त्वाचा पोर्ट ४४५ (पोर्ट म्हणजे मशीनचं क्रमांक दिलेलं दार). कुणी पिंग केलं, म्हणजे मशीन जागं आहे का ते विचारलं, तरी उत्तर जात नाही. तुम्ही स्वतः बाहेर जाता ते सगळं तसंच चालू राहतं: ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल, बँकेची साइट. वेगही तोच. अडवलं जातं ते फक्त बाहेरून आत येणारं, न बोलावलेलं.

पोर्ट ४४५ चं नाव मुद्दाम घेतलं. १२ मे २०१७ ला पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने याच दारातून मशीनमागून मशीन धरली. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती, पण ती न बसवलेली मशीन जगभर पडून होती. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि न्हावाशेव्याच्या बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. त्याच्यापुढे तर दुरुस्ती झालेली मशीनही टिकली नाहीत, कारण एका मशीनवर मिळालेल्या पासवर्डांच्या जोरावर तो आतल्या आत, रीतसर दारानेच पुढे सरकत होता. हल्ला इंटरनेटवरून थेट तुमच्यावर येतो असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तो त्याच राउटरला जोडलेल्या शेजारच्या मशीनवरून येतो.

म्हणून निवडताना एकच गोष्ट विचारायची: या राउटरला आणखी काय काय जोडलेलं आहे, आणि ते सगळं माझ्या ओळखीचं आहे का? इंटरनेटचं बिल कोण भरतं याचा इथे काही संबंध नाही. स्वतःचा राउटर, घरातले दोन लॅपटॉप, एक प्रिंटर, पासवर्ड घराबाहेर गेलेला नाही, तर प्रायव्हेट चालेल. पुण्यात पीजीमध्ये राहता आणि वाय-फाय मालकाचं आहे, तर ते तुमचं घर असलं तरी पब्लिक. शेजाऱ्यांना पासवर्ड दिलाय, पब्लिक. हॉस्टेल, अभ्यासिका, लॉज, दवाखान्याची वेटिंग रूम, पब्लिक. फोनचा हॉटस्पॉट, तोही पब्लिकच. फोन आणि लॅपटॉपमध्ये प्रायव्हेटची गरज पडेल असं काही होत नाही. ऑफिसच्या मशीनवर तिसरा प्रकार असतो, ‘डोमेन’. तो कंपनीचा सर्व्हर ओळखून आपोआप लागतो, त्याला हात लावायचा नाही.

माझा सल्ला याच्याही एक पाऊल पुढचा आहे. एका मशीनवरचा फोल्डर दुसऱ्या मशीनवरून उघडायचा नसेल, तर घरीही पब्लिकच राहू द्या. काही अडलं तर बदलता येतं.

बदलायची जागा विंडोज ११ मध्ये अशी: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, आणि जोडलेल्या नेटवर्कच्या नावाची प्रॉपर्टीज. वरच ‘नेटवर्क प्रोफाइल टाइप’ दिसेल. केबलने जोडलं असेल तर वाय-फायऐवजी इथरनेट. विंडोज १० मध्ये नेटवर्क अँड इंटरनेटच्या पहिल्याच पानावर ‘प्रॉपर्टीज’ हे बटण आहे. निवड त्या त्या नेटवर्कपुरती लक्षात राहते, त्यामुळे घरी प्रायव्हेट केलं म्हणून लॉजवरही तेच लागेल अशी भीती नको.

इथे एक नेहमीची तक्रार येते: राउटर बदलला, वाय-फायचं नाव-पासवर्ड जुनंच ठेवलं, तरी शेअर केलेला फोल्डर दिसेनासा झाला. कारण साधं आहे. विंडोज नेटवर्क ओळखताना नुसतं नाव बघत नाही, राउटरचा हार्डवेअर पत्ताही बघतं. राउटर नवा म्हणजे त्याच्या लेखी नेटवर्क नवं, आणि नवं म्हणजे पब्लिक. यूएसबी केबलने फोनचं नेट घेतलं की ‘नेटवर्क २’, ‘नेटवर्क ३’ अशी नावं वाढत जातात, तीही याच प्रकारातली. ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ असं दिसलं तर विंडोज ते पब्लिकच धरतं, आणि ते बरोबर आहे.

प्रिंटरसाठी दार उघडायची गरज नाही

घरात प्रायव्हेट करायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे प्रिंटर. पब्लिकवर प्रिंटर ‘सापडत’ नाही, हे खरं. पण सापडणं वेगळं आणि छापणं वेगळं. छापताना तुमचा कॉम्प्युटर प्रिंटरकडे जातो, प्रिंटर तुमच्याकडे येत नाही. आणि बाहेर जाणारा रस्ता पब्लिकवरही मोकळाच असतो. त्यामुळे प्रिंटरचा पत्ता हाताने द्यायचा. आधी प्रिंटरच्या स्क्रीनवर नाहीतर त्याने छापलेल्या नेटवर्क रिपोर्टमध्ये त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, बघा. राउटरच्या सेटिंगच्या पानावर (ते कुठे असतं ते पुढे सांगितलंय) ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ करून तो पत्ता त्या प्रिंटरलाच बांधून टाका, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि छपाई थांबते. मग सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’, ‘ॲड डिव्हाइस’. थोडं थांबल्यावर हाताने जोडायचा दुवा उमटतो. तिथे ‘आयपी ॲड्रेस किंवा होस्टनेम’चा पर्याय निवडायचा, डिव्हाइसचा प्रकार ‘टीसीपी/आयपी डिव्हाइस’ ठेवायचा आणि पत्ता टाकायचा. एवढं केलं की पब्लिकवरही पानं निघतात. अपवाद एकच: स्कॅन केलेली फाइल प्रिंटरने स्वतः कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये टाकायची असेल, तर तो आत येतो, आणि त्याला प्रायव्हेट लागतं. त्यापेक्षा स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या.

फोल्डर शेअर करायचाच असेल तर प्रायव्हेट करा, पण पुढची चूक करू नका. दुसऱ्या मशीनवरून फोल्डर उघडताना विंडोज नाव आणि पासवर्ड मागतं. लोक रोज लॉगिनला वापरतात तो चार आकडी पिन टाकतात, तो चालत नाही, आणि वैतागून ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून टाकतात. पिन त्या एका मशीनपुरता असतो, तो नेटवर्कवरून चालतच नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर तो ईमेल आणि त्याचा खरा पासवर्ड टाकावा लागतो. याहून बरं म्हणजे फोल्डर असलेल्या मशीनवर एक साधं लोकल खातं काढायचं, त्याला पासवर्ड द्यायचा, फोल्डरची परवानगी फक्त त्या खात्याला द्यायची आणि दुसऱ्या मशीनवर तेच नाव-पासवर्ड वापरायचं. परवानगीच्या यादीत ‘एव्हरीवन’ दिसलं तर काढून टाका. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डाच्या पाहुण्या खात्याने जाणं मुळातच बंद आहे, त्यामुळे जुनी घरगुती स्टोरेज पेटी अचानक ‘सुरक्षा धोरण परवानगी देत नाही’ असा संदेश देते. उपाय म्हणजे त्या पेटीवर खातं आणि पासवर्ड तयार करणं. इंटरनेटवर सांगतात तसं विंडोजचं बंधन सैल करणं नव्हे. एसएमबी १ हा फाइल शेअरिंगचा जुना प्रकार परत चालू करा असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. वॉनाक्राय त्यातूनच शिरला होता.

फायरवॉल विचारतो तेव्हा

एखादा प्रोग्रॅम पहिल्यांदा बाहेरून येणारी जोडणी ऐकायला बसला की फायरवॉलची खिडकी उघडते. इथे ‘अलाऊ’ दाबण्याआधी एवढं बघा की या प्रोग्रॅमकडे बाहेरून कुणी येण्याची गरज आहे का. घरातल्या दोन मशीनमध्ये खेळायचा गेम, फाइल पाठवायचं ॲप, यांना असते. पीडीएफ वाचायच्या ॲपला कशाला हवी? परवानगी द्यायची तर प्रायव्हेटपुरती द्या. पब्लिकची खूण केली की वर सांगितलेल्या कडक नियमावलीला त्या प्रोग्रॅमपुरतं भोक पडतं, आणि ते लॉजवर, स्टेशनवर, सगळीकडे सोबत येतं.

खिडकीत ‘कॅन्सल’ दाबलं तर काही झालंच नाही असं वाटतं, पण विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी ‘अडवा’ असा नियम लिहून ठेवतं. नंतर तुम्ही नेटवर्क प्रायव्हेट करता तरी ॲप चालत नाही, कारण अडवण्याचा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो. मग लोक अख्खा फायरवॉल बंद करतात. तसं न करता ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’मध्ये जा, ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’ आणि मग ‘इनबाउंड रूल्स’. लाल गोल खूण असलेले त्या प्रोग्रॅमचे नियम शोधून पुसा, आणि ॲप पुन्हा चालवा. खिडकी परत येईल.

‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’च्याच पानावर ‘अलाऊ ॲन ॲप थ्रू फायरवॉल’ अशी यादी आहे, प्रायव्हेट आणि पब्लिक असे दोन रकाने. वर्षातून एकदा पब्लिकचा रकाना वरून खाली वाचून काढा. तिथे काढून टाकलेल्या गेमपासून जुन्या रिमोट ॲपपर्यंत काय काय सापडतं, बघाच. प्रवासात तर आणखी सोपं: पब्लिक नेटवर्कच्या पानावर ‘सगळ्या येणाऱ्या जोडण्या अडवा, परवानगीच्या यादीतल्याही’ अशी एक खूण आहे. ती करून ठेवा.

‘घरी राउटर आहेच की, फायरवॉल कशाला?’ हा युक्तिवाद जुना झाला. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत सगळं घर एका पत्त्यामागे लपतं, आपल्याकडे तर बऱ्याच कंपन्या शेकडो ग्राहक एका पत्त्यामागे बसवतात. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत तसं नसतं. तिथे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जगभर चालणारा पत्ता मिळतो, आणि जिओसारख्या जाळ्यांवर आयपीव्ही६ सर्रास आहे. तिथे अडवायचं काम राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल आणि तुमच्या मशीनचा फायरवॉल यांनीच करायचं असतं. राउटरच्या पानावर तो चालू आहे ना, ते बघून घ्या. पान बहुधा १९२.१६८.१.१ वर असतं, जिओच्या राउटरवर १९२.१६८.२९.१. टाइप करताना अर्थात इंग्रजी आकडे. तिथे गेलाच आहात तर स्टिकरवरचा ॲडमिन पासवर्ड बदला, बाहेरून व्यवस्थापनाची सोय बंद करा, आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने वाय-फाय जोडायची सोय, तीही बंद करा. त्याचा पिन दिसायला आठ आकडी, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा. त्यामुळे कोट्यवधीऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो फुटतो. हे २०११ पासून माहीत आहे.

राउटरवर वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए ३ निवडा. घरात जुना फोन किंवा टीव्ही असेल आणि तो जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए २ आणि ३ एकत्र असलेला पर्याय, किंवा एईएसवाला डब्ल्यूपीए २. टीकेआयपी आणि डब्ल्यूईपी हे जुने, कमकुवत प्रकार नकोत. विंडोज स्वतःच अशा नेटवर्कखाली ते सुरक्षित नसल्याचं लिहून दाखवतं. कॅमेरे, टीव्ही, स्मार्ट बल्ब यांना राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर टाकलं की लॅपटॉपचे शेजारी कमी होतात.

वाय-फायचं नाव लपवून ठेवणं हा मात्र उलटा पडणारा उपाय. नाव लपवलं की तुमचा लॅपटॉप जाईल तिथे ते नाव घेऊन ‘आहेस का?’ अशी हाक मारत फिरतो. लपलं काहीच नाही, उलट गावभर सांगून झालं.

स्टेशनवर, लॉजवर

मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये स्टेशनवरचं मोफत वाय-फाय सुरू झालं आणि मग ते देशभर पसरलं. मोबाइल नंबर द्यायचा, ओटीपी टाकायचा, नेट चालू. इथे एक समजून घ्या: तो ओटीपी तुमची ओळख पटवतो, हवेतला डेटा कुलूपबंद करत नाही. वाय-फायच्या नावापुढे कुलपाची खूण नसेल तर ते उघडं नेटवर्क, ओटीपी असो वा नसो.

तरीही ‘उघड्या वाय-फायवर बँकेचं काम केलं की खातं साफ’ हे आता तितकंसं खरं नाही. २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्स ब्राउझरचं एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) आलं होतं, ते वापरून शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं फेसबुक एका क्लिकवर उघडता यायचं. तेव्हा बहुतेक साइट लॉगिननंतर साध्या एचटीटीपीवर असायच्या. आता एचटीटीपीएस, म्हणजे त्याचाच कुलूपबंद प्रकार, सगळीकडे आहे, मजकूर वाचता येत नाही. तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे मात्र दिसतं, आणि खोटं नेटवर्क उभं करता येतं.

खोट्या नेटवर्कचं मर्म ‘आपोआप जोडा’ या खुणेत आहे. उघड्या नेटवर्कला पासवर्ड नसल्यामुळे लॅपटॉपकडे खरं-खोटं पारखायला नावाशिवाय काहीच नसतं. तेच नाव लावून कुणी बाजूला राउटर ठेवला तर लॅपटॉप निमूट जोडला जातो. म्हणून ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ ही खूण उघड्या नेटवर्कवर काढायची, आणि काम झालं की ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’मध्ये जाऊन ‘फर्गेट’ करायचं. कॉलेजच्या एज्युरोमसारख्या नाव-पासवर्डवाल्या नेटवर्कवर विंडोज विचारतं, ‘हे नेटवर्क इथे असणं अपेक्षित आहे का?’ कॅम्पसवर पहिल्यांदा जोडताना तो प्रश्न येणारच. तोच प्रश्न चहाच्या टपरीवर आला तर नाही म्हणा.

‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ बाहेरच्या नेटवर्कवर चालू ठेवा, म्हणजे तुमचं मशीन ठिकठिकाणी एकाच खुणेने ओळखलं जात नाही. घरी राउटरवर पत्ता बांधला असेल तर त्या नेटवर्कपुरतं बंद, नाहीतर रिझर्व्हेशन लागणार नाही. ‘रोज बदला’ हा पर्याय लॉजवर निवडलात तर दुसऱ्या सकाळी पोर्टल, म्हणजे लॉजचं लॉगिन पान, पुन्हा नंबर मागेल.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय. तिचं कुलूप विंडोज ११ मध्ये असं लावायचं: त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’, एडिट, मॅन्युअल, आयपीव्ही४ चालू, पत्ता १.१.१.१ किंवा ९.९.९.९, आणि खाली ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ चालू, साच्याचा पर्याय ऑटोमॅटिक. आयपीव्ही६ असलेल्या घरी तिथलाही पत्ता भरा, नाहीतर अर्धे प्रश्न कंपनीच्याच सर्व्हरकडे जात राहतील. हे घरच्या नेटवर्कपुरतं ठेवा. वाय-फायच्या ‘हार्डवेअर प्रॉपर्टीज’मध्ये केलंत तर ते सगळ्या नेटवर्कना लागू होतं, आणि मग लॉजचं लॉगिन पान उघडतच नाही, कारण ते पान स्थानिक डीएनएसच्या जोरावर समोर येत असतं. अडकलात तर तेवढ्यापुरतं ऑटोमॅटिक करा. लॉगिन पान येत नसताना ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. ॲड्रेस बारमध्ये neverssl.com टाइप करा, पोर्टल आपोआप पुढे येतं.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे तुमची रहदारी कुलूपबंद करून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेबद्दल, थोडक्यात: त्याने विश्वासाची जागा बदलते, विश्वासाची गरज संपत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवणं भाग पडलं, आणि बऱ्याच परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. फुकटच्या व्हीपीएनपेक्षा स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट केव्हाही बरा.

हॉटस्पॉटवर दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा वाचवायला ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करतात, ते ठीक. पण तीच खूण घरच्या वाय-फायवर राहून गेली तर विंडोजचे काही अपडेट आपोआप उतरत नाहीत. मशीन अनेक महिने अपडेट झालं नसेल तर आधी ही खूण तपासा.

मॅकवर पब्लिक-प्रायव्हेट असा भेद नाही, आणि फायरवॉल मुळात बंद येतो: सिस्टिम सेटिंग्ज, नेटवर्क, फायरवॉल, चालू करा, जनरलमधलं शेअरिंगचं पानही बघा. उबुंटू लिनक्समध्ये यूएफडब्ल्यू नावाचा फायरवॉल असतो, तोही चालू करावा लागतो.

शेवटचं पान विंडोजमधल्या प्रॉक्सीचं (प्रॉक्सी म्हणजे तुमची रहदारी ज्याच्यामार्गे जाते तो मध्यस्थ), नेटवर्क अँड इंटरनेटच्या यादीत. घरगुती मशीनवर ‘मॅन्युअल प्रॉक्सी’ बंदच हवी. तिथे १२७.०.०.१ (हा तुमच्याच मशीनचा पत्ता) आणि पुढे एखादा पोर्ट दिसला आणि तसं काही तुम्ही बसवलेलं नसेल, तर कुठल्या तरी प्रोग्रॅमने तुमचा सगळा रहदारीचा रस्ता स्वतःकडे वळवलाय. अँटिव्हायरसने तो प्रोग्रॅम काढला तरी हे सेटिंग तसंच राहतं, आणि ब्राउझर ‘प्रॉक्सी सर्व्हरशी जोडता येत नाही’ म्हणत बसतो. तेव्हा नुसतं बंद करणं पुरतं. बंद करून मशीन रीस्टार्ट केल्यावर ती खूण पुन्हा चालू झालेली दिसली, तर प्रोग्रॅम अजून आत आहे. मग नेट तोडा, लॅपटॉप ऑफलाइन स्कॅनला लावा, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून.